तीन हंड्यांतली कातडी

डोंबिवलीच्या खालच्या अंगाला खाडीकाठी मिठाचे वाफे होते आणि वाफ्यांच्या बांधापलीकडे आगऱ्यांची पंधरा-वीस घरं. त्यातल्या एका घरात ठमाबाई सून म्हणून आली. नवरा काळुराम मिठागरात फावडं ओढायचा, ती टोपल्या वाहायची. मिठागरात पायाला जखम झाली की ती भरत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. काळुरामच्या टाचेत कालवाची शिंप रुतली. महिनाभर पाय कुजत राहिला आणि दिवाळीच्या तोंडावर तो गेला. पोटी मूलबाळ नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीर धाकू याने वहिनीला सांगितलं की निजायला ओटी आहे, पण खायचं तिचं तिने बघावं.

तेव्हा ती तिशी-पस्तिशीची असेल. गावचं मीठ होडीतून ठाण्याला जायचं. तिथे खाडीच्या धक्क्यालगत एका गोऱ्या ठेकेदाराचा कारखाना होता. आगबोटींवरच्या खलाशांसाठी डुकराचं मांस मिठात मुरवून पिंपांत भरायचे. ठमाबाई मिठाच्या होडीबरोबर गेली आणि मीठ उतरवायच्या कामावर राहिली. पुढे मुकादमाने बायकांना विचारलं की कातडी खरवडायला कोण बसेल, तिला दोन वेळची भाकरी मिळेल. सगळ्या मागे सरकल्या. ठमाबाई उभी होती तिथेच राहिली, म्हणून काम तिला मिळालं.

आगऱ्यांना रानडुकराचं वावडं नाही. कुणी मारून आणलं तर वाटे घालून खातील. पण गावात उकिरडा उकरत फिरणारं डुक्कर म्हटलं की नावसुद्धा ओठांवर घेणार नाहीत. ठमाबाईने घरी सांगितलं की ती फक्त मीठ वाहते. धाकूला वास येत होता. पण होडीतून तांदळाची गाठोडी येत होती, म्हणून त्याने मूग गिळले.

तीन वर्षांत तिचा हात असा बसला की कातडं बघायचीही गरज राहिली नाही. कारखान्यात तीन जातींची डुकरं यायची. साहेबलोकांच्या बंगल्यांवर पाळलेली विलायती पांढरी डुकरं. त्यांचं कातडं पातळ, मऊ, केस विरळ आणि खाली बोटभर चरबी. ठाण्याच्या आणि वसईकडच्या ख्रिस्ती लोकांच्या परसातली पिवळट, ठिपकेवाली डुकरं. त्यांचं कातडं मध्यम. आणि खोपटापासून कल्याणपर्यंत कुठेही मोकाट फिरणारी देशी काळी डुकरं. त्यांचं कातडं वहाणेसारखं जाड, केस सुईसारखे ताठ. उकळतं पाणी ओतायचं, करवंटीने खरवडायचं आणि कातडं ढिगावर टाकायचं, असं दिवसभर चाले. कातड्यांचं पुढे काही होत नसे. काही उकळून चिकट सरस करणारे न्यायचे, बाकी खाडीत जायची.

अठराशे सत्त्याहत्तर साली घाटावर दुष्काळ होता. कोकणात कसंबसं पिकलं होतं, पण माळशेज उतरून माणसांचे तांडेच्या तांडे कल्याणला येत होते. त्यांच्यासाठी कल्याणच्या खाली, खाडीच्या बाजूला, रेल्वेच्या गवताच्या रिकाम्या गोदामांत कसल्याशा मंडळीने छावणी उघडली. तिच्यावर डॉक्टर म्हणून पिलबीम नावाचा साहेब आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा, भिकाऱ्यापुढेही टोपीला हात लावणारा माणूस. त्याला एकच नाद होता. जनावराचं कातडं हे अन्न आहे की नाही, आणि असेल तर कोणत्या जातीच्या डुकराच्या कातड्यात सत्त्व जास्त, याचा त्याला निकाल लावायचा होता. फुकटात माणसं जगत असतील तर डाळीवर सरकारने का खर्च करावा, असं त्याचं म्हणणं.

तो कारखान्यात कातडी बघायला आला तेव्हा बरोबर दुभाष्या होता, विश्राम. कल्याणचा, जातीने प्रभू, छावणीचा कारकून, इंग्रजी बोलणारा आणि बायकापोरांचा धनी. साहेबाने विचारलं की सोललेल्या, धुतलेल्या कातड्यावरून जात ओळखता येते का. मुकादमाने ठमाबाईकडे बोट दाखवलं. साहेबाने स्वतःचा रुमाल तिच्या डोळ्यांवर बांधला आणि एकेक तुकडा हातात दिला. तिने सात वेळा सांगितलं, साती वेळा बरोबर. आठव्यांदा त्याने पहिलाच तुकडा उलटा करून दिला. ती म्हणाली, हा मघाचाच. साहेब पोरासारखा हसला. गोऱ्या माणसाने आपल्याला शाबास म्हटलं, याचं तिला सुख वाटलं, हे खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी ती छावणीत स्वयंपाकीण झाली.

तीन गोदामं, तीन चुली, तीन हंडे. प्रत्येक गोदामात चाळीस माणसं. गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. पहिल्या गोदामाला पांढऱ्या डुकराचं कातडं, दुसऱ्याला पिवळ्याचं, तिसऱ्याला काळ्याचं. कातडं रात्रभर भिजवून मीठ काढायचं, बारीक चिरायचं आणि पाण्यासारखं होईस्तोवर शिजवून त्यात मूठ-मूठ तांदूळ सोडायचा. डाळ नाही, भाजी नाही, ताक नाही. तुलना स्वच्छ राहिली पाहिजे, असं साहेब म्हणे. हंड्यात काय आहे हे कुणालाही सांगायचं नाही, आणि हंड्यांची अदलाबदल झाली तर त्याच दिवशी घरी, असं विश्रामने तिला बजावलं.

लोकांनी विचारलं तर काय सांगू, असं तिने विचारलं.

विश्राम म्हणाला, "बोकडाचं आहे म्हणून सांग. मरणारा माणूस चौकशा करत नाही."

पण एकीने केली. तिसऱ्या गोदामात सगुणा म्हणून एक बाई होती, जुन्नरच्या वरच्या अंगाची. नवरा आणि दोन मुलगे घाटात मेले तिथेच ठेवून आलेली. गळ्यात तुळशीची माळ. जन्मात तोंडाला मांस लावलं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी थाळी हातात धरून ठमाबाईला विचारलं की यात काय आहे. ठमाबाईने बोकड म्हटलं. सगुणा थाळीकडे बघत बसली. मग डोळे मिटून प्यायली, ओकली, आणि संध्याकाळी पुन्हा प्यायली.

दर रविवारी स्टेशनच्या मालधक्क्यावरचा मोठा काटा आणून माणसं तोलायचे. साहेब स्वतः उभा राही. विश्राम रत्तलात वजन लिहून घेई. मग साहेब प्रत्येकाच्या नडगीवर अंगठा दाबून धरी आणि उचलल्यावर खळगा किती वेळ राहतो ते घड्याळात बघे. पहिले दोन आठवडे सगळ्यांची वजनं वाढली, तेव्हा तो खुशीत होता. मग कळलं की ती सूज आहे. पाय खांबासारखे झाले, तोंडं फुगली, आणि सूज उतरली तेव्हा खाली नुसती हाडं राहिली.

साहेबाला बाहेरचं काही खाल्लेलं चालत नसे. पहिल्या गोदामातला एक म्हातारा कुंपणाशी चिंचेचा पाला ओरबाडून खाताना सापडला. त्याला मारलं नाही; साहेब मारण्याच्या विरुद्ध होता. फक्त दोन दिवस खांबाला बांधून ठेवला, पोटातला पाला निघून जावा म्हणून, आणि त्याची पेज बंद केली. तिसऱ्या दिवशी सोडायला गेले तर तो बसल्या जागी थंड झालेला. विश्रामने बिल्ला काढून घेतला आणि दुपारी तो दुसऱ्या एका माणसाच्या गळ्यात घातला, म्हणजे चाळीसचे चाळीस राहिले.

ठमाबाईने जे केलं ते सुरुवातीला दयेपोटी केलं असं नाही. तिच्या हाताला सवय होती. खाडीकाठच्या बाईला पाणचट कालवण दिसलं की हात जवळ्याच्या, वाळवलेल्या बारीक कोळंबीच्या, मडक्याकडे जातो. त्याशिवाय तिला ते अन्न वाटतच नाही. तिच्या पुडक्यात घरचा जवळा होता, स्वतःच्या भाकरीबरोबर खायला आणलेला. एका सकाळी तिने तो पाट्यावर भरडून मूठभर तिसऱ्या हंड्यात टाकला. तिसऱ्याच का, तर पहिल्या दोन चुली विश्रामच्या मेजासमोर होत्या आणि तिसरी गोदामाच्या पाठीमागे, खाडीकडच्या भिंतीला. तिथे कुणी बघत नव्हतं. दुसरं कारण नाही.

त्या दिवशी तिसऱ्या गोदामात लोकांनी थाळ्या चाटल्या. एक जण म्हणाला की आज मीठ बरोबर पडलंय. ठमाबाईला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिने दोन मुठी टाकल्या. मग रोजच टाकू लागली. आठवड्याच्या बाजाराला गावातल्या बायका कल्याणला यायच्या, त्यांच्याकडून तांदळाच्या बदल्यात जवळा घ्यायची. तिला मिळणारा तांदूळ त्यातच जायचा. ती स्वतः तिसऱ्या हंड्यातलं खरवडून खायची. चैत्र सरता सरता तिसऱ्या गोदामातल्या माणसांची सूज उतरली आणि खाली मांस दिसू लागलं. सगुणा उठून अंगण झाडू लागली. एकदा तिने ठमाबाईचा हात धरून म्हटलं, "बाई, तुझ्या हाताला चव हाय." ठमाबाई त्या शब्दावर चार दिवस जगली.

पुढच्या दोन गोदामांत मात्र माणसं गळत होती. त्या हंड्यांत काही टाकावं म्हणून तिने एकदा पदरात जवळा घेऊन पहिल्या चुलीकडे पाऊल टाकलं. विश्रामने मान वर केली. ती तशीच मागे फिरली. खांबाला बांधलेला म्हातारा तिने पाहिला होता.

आठ आठवडे झाले तेव्हा साहेबाने तिन्ही गोदामांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. पांढरं कातडं खाणारी माणसं माणशी नऊ रत्तल उतरली होती. पिवळं खाणारी साडेआठ. काळं खाणारी चार रत्तल चढली होती. साहेबाने आकडे दोनदा तपासले, काटा बदलून पुन्हा माणसं तोलली. तेच आलं. मग त्याने सगळ्या नोकरांना गोळा केलं आणि विश्रामकडून सांगवलं की ज्याला तुम्ही घाणेरडं म्हणता त्या देशी काळ्या डुकराच्या कातड्यात विलायतीपेक्षा कितीतरी पट सत्त्व आहे. ही गोष्ट आजवर जगात कुणी दाखवली नव्हती. त्याचे डोळे पाण्याने भरले होते. तो खोटा माणूस नव्हता. काट्याने सांगितलं ते त्याने मानलं.

कागद मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांत हुकूम आला. छावणी वाढवायची. कल्याणची चारशे माणसं, टिटवाळ्याकडच्या छावणीतून इथे आणलेली दोनशे, सगळ्यांना काळं कातडं. एवढं सत्त्व असल्यावर तांदूळ निम्मा पुरे, असं साहेबानेच सुचवलं होतं. गावोगावची मोकाट डुकरं धरून आणली. ठमाबाई मुख्य स्वयंपाकीण झाली. अकरा हंडे, सगळे एका रांगेत, मोकळ्या मैदानात छपराखाली, आणि प्रत्येक चुलीशी एक शिपाई.

तिला त्या दिवशी काय कळलं ते तिलाच ठाऊक. ती हंड्यांच्या रांगेपुढे उभी राहिली. दोन मुठी जवळ्यावर चाळीस माणसं उठली होती. आता सहाशे होती आणि तांदूळ निम्मा. शिपायांची नजर चुकवून ती एखाद्या हंड्यात चिमूट टाकी, पण त्याने काय होणार? शिवाय आषाढ तोंडावर आला होता. होड्या ओढून काठाला लावलेल्या. बाजाराला येणाऱ्या बायकांनी जवळा आणणं बंद केलं. ज्याच्या त्याच्या घरी पावसाळ्याची बेगमी झाकून ठेवलेली.

दहाव्या दिवशी ती विश्रामपुढे जाऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. तो लिहीत होता. लेखणी थांबली.

"किती दिवस टाकलास?"

"फागुनाच्या शेवटापासून. रोज."

विश्रामने वही मिटली. मग त्याने तिला समजावलं की कागद गेला आहे, त्यावर साहेबाची सही आहे, आकडे त्याच्या स्वतःच्या हातचे आहेत. हे बाहेर आलं तर साहेब एका दिवसात विलायतेला जाईल आणि विश्राम घरी. त्याच्या घरात सात माणसं होती. आणि ती जाईल तुरुंगात. मग तो हळूच म्हणाला की दोन महिने थांब, घाटावर पाऊस चांगला आहे, लोक आपसूक जातील.

"दोन म्हयन्यात ऱ्हानार कोन, रावजी?" तिने विचारलं.

त्याने लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. ती उठली आणि तडक साहेबाच्या तंबूकडे चालू लागली. विश्राम धोतर सावरत मागून धावला.

साहेब चहा पीत होता. तिला पाहून उठून उभा राहिला. ठमाबाई भरभर बोलली. शब्द चुकू नये म्हणून तिने हाताने मूठ करून दाखवली, हंड्यात टाकल्यासारखं केलं, पुन्हा दाखवलं. "काल्या कातड्यात काय नाय, साहेब. जवला व्हता. मीनी जवला टाकला." जवला हा शब्द तिने पाच वेळा उच्चारला. मग ती विश्रामकडे बघत राहिली.

विश्राम इंग्रजीत बोलू लागला. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. पण साहेबांच्या भाषेत जवळ्याला शब्द नसेल, तर तो जवला असंच म्हणेल, असं तिला वाटलं होतं. ती कान देऊन तो एक शब्द ऐकायची वाट बघत होती. विश्रामने एक वाक्य उच्चारलं, दोन, तीन. मूठ करून ढवळल्यासारखं दाखवलं. साहेबाचा चेहरा उजळला. त्याने पेटीतून तांबड्या काठाचं एक लुगडं काढून तिच्या हातावर ठेवलं आणि टोपीला हात लावला.

बाहेर आल्यावर तिने विचारलं की काय सांगितलंस. विश्रामचं तोंड पांढरं पडलं होतं. तो म्हणाला, "काळं कातडं शिजवायची तुझी रीत सांगितली. साहेब खूश आहे. आता जा."

पुढच्या महिन्यात छावणीतून रोज मेलेली माणसं बाहेर काढू लागले. आधी म्हातारे, मग लहान मुलं. विश्राम प्रत्येकापुढे ताप असं लिही. साहेब गोंधळला होता. रात्रंदिवस आकडे मांडत बसे. त्याला वाटलं की कातडं कमी शिजतंय, म्हणून त्याने चुली दुप्पट पेटवल्या. मग वाटलं की डुकरं काळी असली तरी अस्सल नाहीत, म्हणून त्याने पुन्हा एकदा ठमाबाईच्या हातात तुकडे देऊन परीक्षा घेतली. तिने सगळे बरोबर ओळखले. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

सगुणाची सूज परत आली. ती आता उठत नव्हती. एक दिवस थाळी घेऊन ठमाबाई तिच्याजवळ बसली तेव्हा ती म्हणाली, "पेजेला पहिल्यागत चव न्हाई गं."

ठमाबाईने सांगून टाकलं. कातडं बोकडाचं नाही, डुकराचं आहे, पहिल्या दिवसापासून. आणि जी चव होती ती मासळीची होती. बोलताना ती सगुणाच्या गळ्यातल्या माळेकडे बघत होती. सगुणा शिव्या देईल, थुंकेल, थाळी फेकेल, काहीतरी करेल असं तिला वाटलं. तशी तिची इच्छाही होती.

सगुणाने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि म्हणाली, "जवळा समदा संपला का?"

ठमाबाई त्याच दुपारी चालत गावी गेली. चिखलातून अडीच कोस. धाकूच्या दारात उभी राहून तिने जवळा मागितला. तिने काय काम धरलं आहे ते आतापर्यंत साऱ्या खाडीकाठाला माहीत झालं होतं. डुकरं धरायला आलेल्या शिपायांनीच सांगितलं होतं. धाकूच्या बायकोने आतून दार लावलं. धाकू बाहेर ओटीवर बसून राहिला. तो म्हणाला की पावसाळ्यात आम्ही काय खायचं, आणि तुझ्या हाताला दिलेलं भांडं परत कोण घेईल. तिने सांगितलं की माणसं मरतायत. धाकूने विचारलं, "आपली हायत का?" नाही म्हटल्यावर तो उठून आत गेला. बाकीच्या घरांतही तेच झालं. एका म्हातारीने अंगणातून तिच्या पदरात शेर-दीड शेर जवळा ओतला, दुरून, स्पर्श होणार नाही असा, आणि म्हणाली की पुन्हा या वाटेने येऊ नकोस.

शेर-दीड शेर. परत येताना अडीच कोस तिने एकच हिशेब केला आणि तो सुटला नाही. अकरा हंड्यांत तो टाकला तर कुणाच्याच जिभेला लागणार नव्हता. एका माणसाला मात्र तो महिनाभर पुरला असता.

ती रोज मूठभर भरडून सगुणाच्या पेजेत घालू लागली. गोदामात, सगळ्यांदेखत, कारण दुसरी जागा नव्हती. पदराचा आडोसा करायची, पण वास लपत नाही. आजूबाजूची डोकी वळायची. सगुणाच्या शेजारी एक तरणी बाई होती, मंदाकिनी नावाची, पायात खळगे पडलेली. तिने तिसऱ्या दिवशी सरपटत येऊन हात पुढे केला. नुसता हात. ठमाबाईच्या मुठीत त्या वेळी जवळा होता.

तिने मूठ आवळली.

मंदाकिनीने हात तसाच ठेवला. ठमाबाईने तो उचलून तिच्या छातीवर ठेवला आणि तिला भिंतीकडे वळवलं. सगुणा हे बघत होती. बघता बघता ती घास गिळत होती. पाच दिवसांनी मंदाकिनीला उचललं, तेव्हा तिच्या जागेवर सगुणाने आपलं कांबळं पसरलं. तिथे ओल कमी होती.

श्रावण संपला, भादवा संपला. घाटावर पीक उभं राहिल्याची बातमी आली आणि छावणी मोडली. चालू शकणाऱ्यांना शिधा देऊन वाटेला लावलं. साहेब आधीच मुंबईला गेला होता. त्याने जाताना सगळ्या नोकरांना भेटून निरोप घेतला आणि ठमाबाईला सांगवलं की कातडं ओळखणारी तिच्यासारखी दुसरी बाई त्याने पाहिली नाही. सहाशेतली किती परत गेली ते विश्रामला ठाऊक असेल. त्याने कुणाला सांगितलं नाही.

सगुणा निघाली तेव्हा ठमाबाई कुंपणाशी उभी होती. मिळालेलं तांबड्या काठाचं लुगडं तिने सगुणाला द्यायला आणलं होतं. सगुणाने ते घेतलं, शिध्याच्या गाठोड्यात कोंबलं. मग चार पावलं गेली आणि वळून परत आली.

"माझ्या गावाचं नाव तुला ठावं हाय," ती म्हणाली. "तिकडं कधी येऊ नको. आन् कुणाला सांगू नको मी हितं काय खाल्लं."

ठमाबाईने मान हलवली. सगुणा माळशेजच्या वाटेला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही आणि ठमाबाईलाही त्यात गैर काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते निराळं.

गावाने तिला वाळीत टाकलं होतंच. ती ठाण्याला परतली. कारखाना पाच-सहा वर्षं चालला, मग बंद पडला. त्यानंतर ख्रिस्ती आळीतल्या एका विधवेकडे काळ्या-पिवळ्या डुकरांना कोंडा घालायचं आणि त्यांचं खोपटं झाडायचं काम तिला मिळालं. ती फारशी बोलत नसे. मासळी खायची तिने सोडली होती. आळीतल्या बायका म्हणत की आगरीण असून ही सुकट बघितली की उठून जाते.

अठराशे नव्वदच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर ठाण्याला आला. त्याच्याकडे पिलबीम साहेबाची छापील पुस्तिका होती. काळ्या देशी डुकराच्या कातड्याबद्दल तिच्यात जे लिहिलं होतं ते पुन्हा करून बघावं, एखाद्या तुरुंगात किंवा छावणीत, असं त्याच्या मनात होतं. विचारत विचारत तो विधवेच्या परसात पोचला. तो स्वतः मराठी बोलायचा, मोडकंतोडकं का होईना. मधे दुभाष्या नव्हता. त्याने ठमाबाईला विचारलं की कोणतं कातडं सगळ्यांत पोषक.

ती कोंड्याची पाटी खाली ठेवून म्हणाली, "तिन्ही सारखीच. उकलली की खल व्हते. कपड्याला लावायची. माणसाला नाय."

पुस्तिकेत तर असं नाही, तो म्हणाला.

मग तिने त्याला जवळ्याचं सांगितलं, महिन्यासकट, मुठींसकट. त्याने ऐकून घेतलं, अगदी नम्रपणे. शेवटी विचारलं की याला कुणी साक्षीदार आहे का. तिने विश्रामचं नाव सांगितलं. तरुण डॉक्टर कल्याणला गेला. विश्राम पेन्शनीत होता, ओटीवर पाटावर बसून जेवत होता. त्याने सांगितलं की अशी कुणी बाई त्याला आठवत नाही. छावणीतल्या स्वयंपाकिणी येत-जात असत, त्यातल्या काही वेड्याही होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात तरुण डॉक्टरने पुस्तिकेतलं पुन्हा करून बघायला सुरुवात केली. काळी डुकरं पुरवायचा मक्ता ज्याला मिळाला, त्याने पहिली खेप ख्रिस्ती आळीतून उचलली. विधवेने आपली सहा काळी जनावरं विकली. दोरी लावून ती गाडीपर्यंत नेण्याचं काम ठमाबाईचं होतं. त्यातली दोन तिने पिल्लं असल्यापासून वाढवली होती आणि ती तिच्यामागून दोरीशिवाय चालली. गाडीवानाने विचारलं की ही कुठे जाणार ते माहीत आहे का. ती म्हणाली, माहीत आहे. मग फळी वर करून तिने कडी लावली आणि बैलांच्या अंगावर थाप मारली.